माईच्या गाडीचा कोंडलेला श्वास

चढ सुरू झाला आणि माईने अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला टेकवला, तरी गाडीचा वेग वाढायच्या ऐवजी कमीच होत गेला. तीस, पंचवीस, अठरा. शेजारून एक म्हातारबाबा सायकलवरून पुढे निघून गेले. जाताना त्यांनी खिडकीतून आत पाहिलं आणि हळहळल्यासारखी मान हलवली.

"माई, दाब ना," शाल्मली म्हणाली.

"दाबलंय गं."

"मग अजून दाब."

"आता याच्याखाली रस्ताच आहे, बाळा."

शाल्मलीला हसू आलं नाही. टाकीत पेट्रोल होतं. टायर नवे होते. इंजिन सुरू होताना कुरकुरत नव्हतं, आणि गावातल्या सपाट रस्त्यावर तर गाडी शहाण्यासारखी चालायची. मग चढावर, जेव्हा जोर हवा, तेव्हाच हिचा जोर जातो कुठे? आणि तोही नेमका आज?

कारण आज शेवटचा दिवस होता. सन २०४७ मध्ये पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्या बोटावर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. दर वर्षी त्यांना धुराची परीक्षा द्यावी लागे. माईच्या चोवीस वर्षांच्या गाडीला आज संध्याकाळी पाचपर्यंत पास व्हायचं होतं. नापास झाली, तर तिथूनच ती गाड्या चिरडणाऱ्या दाबयंत्रात जाणार होती.

माई म्हणजे शाल्मलीची आजी. शाल्मली दोन महिने आधीच जन्मली होती, आणि तिला श्वास घेता येत नव्हता. तेव्हा माईने दत्ताला बोलून नेम धरला, की बारा वर्षं रोज पहाटे, कुणाची मदत न घेता, आपण देवळात येऊन दिवा लावू. देऊळ होतं घरापासून जेमतेम एक किलोमीटरवर, पण माईचे गुडघे तेव्हापासूनच दुखरे. म्हणून ती गाडी चालवत जायची. पाऊस असो, ताप असो, बारा वर्षांत एकही पहाट चुकली नव्हती. आता एकोणीस दिवस उरले होते. विसाव्या दिवशी शाल्मलीला बारा वर्षं पूर्ण होणार होती.

गाडी खुरडत खुरडत चढाच्या माथ्यावरच्या तपासणी केंद्रात पोचली. तिथे घ्राणी नावाची यंत्रकन्या होती. चेहऱ्याच्या जागी तिला एक लांब, वाकडी नळी होती. तिने ती सायलेन्सरच्या तोंडाशी नेली आणि क्षणभर थांबली.

"विषारी धूर मर्यादेच्या सातपट," ती म्हणाली. "नापास."

"तुझं नाक बिघडलं असेल," शाल्मली म्हणाली.

"आज सकाळीच तपासलंय."

"मग पुन्हा तपास, नाकाडे."

"तपासते." घ्राणीने पुन्हा नळी नेली. "सातपट."

यंत्रकन्या चिडत नव्हती, आणि त्यामुळे शाल्मली अधिकच चिडली. भांडायला समोरचाही थोडा तापलेला लागतो. तिने गाडीच्या चाकावर लाथ मारली. पायच दुखला.

"जाऊ दे गं," माई हळूच म्हणाली. "दत्ताच्या मनात असेल तसं."

"तू चिडत का नाहीस?" शाल्मली तिच्यावरच उखडली. "एकोणीस दिवस राहिलेत. बारा वर्षं पाण्यात जातील, आणि तू म्हणतेस जाऊ दे. तू चिडत नाहीस म्हणून मला दोघींचं चिडावं लागतं."

माई बोनेटवरून हात फिरवत राहिली. पण घ्राणी म्हणाली, "अजून अकराच वाजलेत. गाडी नापास का झाली ते आधी बघू या का? शाल्मली, सायलेन्सरच्या तोंडासमोर हात धर. अंतर ठेवून."

शाल्मलीने फणकाऱ्यानेच हात धरला. माईने इंजिनाचा वेग वाढवला. आवाज मोठा झाला, पण हातावर नुसती फुंकर आल्यासारखं वाटलं.

"एवढंच?"

"एवढंच. एवढ्या मोठ्या इंजिनाचा धूर आणि बाहेर फुंकर. आता हे घे." घ्राणीने तिला सरबताची एक बारीक नळी दिली. "श्वास नाकाने घ्यायचा, पण सोडायचा फक्त या नळीतून. आणि त्या पायऱ्या पळत चढायच्या."

"मी का चढू?"

"चिडलेली आहेस. चिडलेल्या माणसाने चढलेलं बरं."

वीस पायऱ्या होत्या. पहिल्या चार सोप्या गेल्या. दहाव्या पायरीवर छाती भरून आली. हवा आत घ्यायला नाक मोकळं होतं, पण आधीचीच बाहेर गेली नव्हती. नवी ठेवायची कुठे? चौदाव्या पायरीवर तिने नळी फेकून दिली आणि धापा टाकत खाली बसली.

खालून माई म्हणाली, "रेचक अपुरा राहिला, तर पूरक कसा होणार?"

माई रोज प्राणायाम करायची. रेचक म्हणजे श्वास सोडणं आणि पूरक म्हणजे घेणं, हे शाल्मलीला ठाऊक होतं. ती ताठ झाली.

"म्हणजे गाडीला श्वास सोडता येत नाही?"

"बरोबर," घ्राणी म्हणाली. "इंजिन हवा आणि पेट्रोल आत घेतं, जाळतं, आणि धूर बाहेर ढकलतं. सपाटीवर थोडाच धूर होतो, तो कसाबसा निघून जातो. चढावर धूर भरपूर होतो. वाट तुंबलेली असली की तो मागे रेटा देतो, याला उलटा दाब म्हणतात. मग नवी हवा आत शिरत नाही. माई जितकं दाबतील तितकी गाडी गुदमरेल."

केंद्राच्या आवारातच जनूकाकांचं गॅरेज होतं. जुन्या गाड्या समजणारा तालुक्यातला तो शेवटचा माणूस. त्यांनी गाडी वर उचलली, खाली शिरून बोल्ट सोडले आणि एक जाडसर पोलादी डबा काढून आणला.

"हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (विषारी धूर निरुपद्रवी करणारा डबा)," ते म्हणाले. "इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मधे बसतो. पोरी, या टोकाला मी बॅटरी धरतो. त्या टोकातून बघ."

शाल्मलीने डोळा लावला. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी होती, हजारो बारीक घरांची. नुसत्या एका कडेला चांदण्यांसारखे थोडे ठिपके चमकत होते. बाकी सगळा अंधार.

"काजळी," जनूकाका म्हणाले. "आणि हा कोपरा वितळलाय. एक स्पार्क प्लग (पेट्रोल पेटवणारी ठिणगी पाडणारा भाग) मधेच दगा देतोय. तो चुकला की न जळलेलं पेट्रोल इथे येऊन पेट घेतं."

शाल्मलीला एकदम आठवलं. तिच्या मामेभावाने सांगितलं होतं, की जुने लोक असल्या वेळी एक युक्ती करायचे.

"काका, ही जाळी फोडून टाका. पोकळ डबा परत बसवा. गाडी पळेल."

"पळेल," जनूकाका म्हणाले. त्यांनी डबा हातात फिरवला. "तरुणपणी मी असे पंचवीस-तीस फोडलेत. पैसे पण घेतलेत."

"पण मला धूर कळेल," घ्राणी म्हणाली.

"तुझ्या नाकाला फसवणारी वाटीसुद्धा मिळायची बाजारात," जनूकाका खाली बघत म्हणाले. "माझ्या फडताळात एक पडलीय अजून."

"मग बसवा ना," शाल्मली ओरडली. "एकोणीस दिवसांचाच तर प्रश्न आहे. एका गाडीच्या धुराने काय आभाळ कोसळणार आहे?"

माईने घ्राणीकडे पाहिलं. "मला एक सांग. ही जाळी नक्की करते तरी काय?"

"पेट्रोल पूर्ण जळलं नाही, की कार्बन मोनॉक्साइड (रंग नाही, वास नाही असा विषारी वायू) तयार होतो. तो फुप्फुसात गेला, की रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. पण त्याला आणखी थोडा प्राणवायू मिळाला, तर तो पूर्ण जळतो आणि आपण श्वासातून सोडतो तोच वायू बनतो. ही भेट घडवायला जाळीवर प्लॅटिनमसारख्या धातूंचा पातळ थर असतो. त्याला म्हणतात उत्प्रेरक (जो क्रिया घडवतो, पण स्वतः खर्च होत नाही तो)."

"आमच्या गंगूमावशीसारखा," जनूकाका म्हणाले. "शंभर लग्नं जमवली. प्रत्येक पंगतीत जेवली. स्वतः मात्र बोहल्यावर चढली नाही."

"मग आमच्या उत्प्रेरकाने लग्नं का जमवली नाहीत?" शाल्मलीने विचारलं. अजून ती रागातच होती, पण आता रागाला कान आले होते.

"कारण रोज पहाटे तो गारच असायचा," घ्राणी म्हणाली. "साधारण तीनशे अंश तापल्याशिवाय हे काम सुरू होत नाही. तुमच्या गाडीला तेवढं तापायला पाच मिनिटं लागतात. माई, तुम्ही रोज किती जाता?"

"देवळापर्यंत. तीन मिनिटं. गाडीला त्रास नको म्हणून दुसरीकडे कुठे नेतच नाही."

घ्राणीने नळी त्या काळ्या जाळीकडे वळवली.

"गार तवा," माई स्वतःशीच म्हणाली. "तापायच्या आत भाकरी टाकली की चिकटते, करपते. मी बारा वर्षं रोज गार तव्यावर भाकरी टाकली." मग तिने वर पाहिलं. "म्हणजे तो विषारी वायू..."

"रोज पहाटे तसाच बाहेर गेला," घ्राणी म्हणाली. "आणि काजळी जाळून टाकण्याइतका हा डबा कधी तापलाच नाही, म्हणून ती साचत गेली."

माईचा आवाज चढला नाही, उतरला. शाल्मलीने तो इतका उतरलेला कधी ऐकला नव्हता.

"पोरीला श्वास मिळावा म्हणून मी दिवा लावत होते," माई म्हणाली, "आणि जाता-येता तिच्याच गल्लीत विष सोडत होते. मला कळलं नाही, ती माझी चूक. आता कळलंय. आता जर ती जाळी फोडली, तर ते पाप होईल. जनूभाऊ, ती वाटी फडताळातून काढा आणि माझ्यासमोर ठेचा. नेम मोडला तर मोडू दे."

जनूकाकांनी वाटी आणली. हातोडा उचलला आणि दोन घावांत तिचा पत्रा केला. तिसरा घाव त्यांनी उगाचच घातला.

शाल्मलीला रडू फुटलं. ते रागाचं होतं की लाजेचं, तिलाही सांगता आलं नसतं.

"माझं सांगून झालं नव्हतं," घ्राणी म्हणाली. "वितळलेला कोपरा गेला तो गेला. पण काजळी जाळता येते. केंद्रात त्यासाठी भट्टी आहे. तापमान हळूहळू वाढवायचं आणि आतून हवा सोडायची. घाई केली तर जाळी तडकते. चार तास लागतात."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू ओरडत होतीस. आणि इलाज करण्याआधी रोग कळायला हवा. नाहीतर भट्टीतून काढलेली जाळी महिन्याभरात पुन्हा तुंबेल."

पावणेबाराला डबा भट्टीत गेला. जनूकाकांनी नवा प्लग बसवला. माई बाकावर बसून पुटपुटत जप करत राहिली. शाल्मली भट्टीच्या काचेतून आकडे बघत होती. तीनशे, चारशे, साडेपाचशे. मधेच आकडा हलेना, तेव्हा तिने भट्टीलाही दोन शब्द सुनावले.

पावणेचारला डबा बाहेर आला. तो निवून, बसवून, गाडी सुरू होईपर्यंत पाचला दहा कमी होते. माईने पाच मिनिटं इंजिन तापू दिलं, मग घ्राणीने नळी पुढे केली.

"मर्यादेच्या आत," ती म्हणाली. "अगदी काठावर. पास. पण रोज किमान अर्धा तास गाडी चालवली पाहिजे."

"मग पेट्रोल जास्त जळेल की," शाल्मली म्हणाली. "ते तरी कुठे चांगलं?"

"चांगला प्रश्न. त्याचं उत्तर माझ्या नाकात नाही."

ते माईकडे होतं. धरणाजवळच्या वस्तीतली तीन मुलं रोज सहा किलोमीटर चालत शाळेला यायची, कारण तिकडचा कच्चा रस्ता विनाचालक रिक्षांच्या नकाशातच नव्हता. नेमात मदत घ्यायची नव्हती. मदत करू नये, असं कुठे होतं? दुसऱ्या दिवसापासून माई पहाटे धरणाकडे निघू लागली. मुलांना घेऊन वळसा घालून यायची, उजाडायच्या आत देवळात दिवा लावायची आणि मग त्यांना शाळेत सोडायची. तीन मिनिटांचं देऊळ आता पाऊण तासावर गेलं.

विसाव्या दिवशी शाल्मली बारा वर्षांची झाली. नेम पूर्ण झाला. माईने पेढे वाटले आणि गाडीची किल्ली देवापुढे ठेवली. संध्याकाळभर शाल्मली एका वहीत काहीतरी लिहीत होती. वहीवर नाव होतं: 'गारठ्यातही काम करणारा उत्प्रेरक'. खाली सगळ्या खाडाखोडीच होत्या, आणि एका ठिकाणी पेन्सिल इतकी जोरात दाबली होती की कागद फाटला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे हॉर्न वाजला. शाल्मली डोळे चोळत बाहेर आली.

"माई, नेम संपला ना काल?"

"देवाचा संपला," माई म्हणाली. "पोरं वस्तीवर उभी असतील. चल, बस."

शाल्मली आधी मागे गेली. सायलेन्सरसमोर अंतर ठेवून तिने हात धरला. इंजिन अजून गारच होतं, पण श्वास मोकळा येत होता.