चार बोल्ट

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या जुन्या जीपसाठी एक शाफ्ट मिळवायचा, एवढ्यासाठी आम्ही खर्ड्याच्या पुढच्या दरीत उतरणार होतो. पुढच्या चाकांना जोर देणारा हा दांडा. अण्णा गेल्यावर जीप मी चालवायला घेतली आणि तो मोडला. पावसाळ्यात डोंगरावरच्या लंकाबाईंच्या वस्तीवर दुसरी गाडी चढत नाही, आणि त्यांच्या सुनेचे दिवस आषाढात भरत होते. तोवर जीप चालू करते, असा मी शब्द दिला होता.

केडगावपासून संगमनेरपर्यंत तो शाफ्ट कुणाकडेच नव्हता. अण्णांनी जुनं काही जपून ठेवलंय का, असं मेकॅनिक हनुमंतने विचारलं होतं. मी नाही म्हणाले. दहाव्यानंतर घर आवरताना मी माझी पुस्तकं एकेक पुसून ठेवली आणि शेडमधलं सगळं लोखंड भंगारवाल्याला दिलं, हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

दरीत तशीच एक जीप कित्येक वर्षं पडून होती. लंकाबाईंनी वरच्या बाभळीला दोर बांधला. हनुमंत पुढे, मी मागे. निम्म्यावर माझ्या पायाखालचा मुरूम सरकला. धोंडा सुटला! हनुमंतने अंग चोरलं, त्याचा तोल गेला आणि तो दोराला लोंबकळला. पाय टेकले तेव्हा त्याचा तळवा सोलून निघाला होता.

"अण्णा आस्ते तर लई शिव्या खाल्ल्या आस्त्या आपन," तो हसला.

मग तो जीपखाली शिरला. मीही वाकले. शाफ्टची जागा रिकामी होती; पण तिथले चारही बोल्ट ग्रीस लावून आपापल्या भोकांत परत फिरवून ठेवलेले होते. असं एकच माणूस करायचा.

"ताई, अण्णांनी आधीच नेलाय की! मंजी घरीच आसंल!"

त्याचा आनंद मला पाहवेना. शेडच्या कोपऱ्यात पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांब, जड होतं. ते टेम्पोत चढवायला मीच हात लावला होता.

"मी भंगारात दिला, हनुमंत. तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले."

त्याने रक्ताळलेला तळवा पँटला पुसला. मग एकेक बोल्ट काढून माझ्या हातात दिला. "हे तरी जपा."

चढताना दोराला दोन्ही हात लागतात. मी बोल्ट तोंडात धरले. जिभेवर ग्रीस आणि गंज.

वर लंकाबाईंनी मनगट धरून ओढून घेतलं. "घावला का गं?"

मी बोल्ट हातावर काढले. हनुमंत मागून येतच होता. त्याने सावरून घेतलं असतं. तो वर यायच्या आत मीच सगळं सांगितलं.

हनुमंत वर आल्यावर लंकाबाई दोर सोडायला वळल्या.

"उंद्या त्या भंगारवाल्याकडं जा," त्या म्हणाल्या. "पन हनुमंताला पुढं ठिव. तुला त्यो दांडा वळखू यायचा न्हाई."