डावीकडचा घोस

सलूनवाल्याने गिऱ्हाइकाला उन्हात खुर्ची टाकून दिली होती आणि गालांना साबण फासला होता. तेवढ्यात वरच्या गॅलरीच्या नळीतून पाण्याची धार आली आणि गिऱ्हाइकाचा अर्धा फेस वाहून गेला. सलूनवाला हातातल्या ट्रिमरसकट जिना चढला. चढता चढता त्याने भांडणाची चांगली सणसणीत वाक्यं जुळवली होती, पण दार उघडलं आणि ती सगळी पायऱ्यांवरच राहिली.

दारात शिंपीण उभी होती. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. टाचण्यांमुळे माफी मागता येईना, म्हणून ती तिने डोळ्यांनीच मागितली. त्यानंतर आठवडाभर सलूनवाल्याच्या हातून एकाही माणसाचे कल्ले सारखे उतरले नाहीत, आणि गंमत म्हणजे गावात तीच फॅशन झाली.

पाणी टोमॅटोच्या कुंडीतलं होतं. काचबंद गॅलरीत शिंपिणीने एकच झाड लावलं होतं. पानाला नुसतं बोट लागलं तरी तो हिरवा, तिखट वास दिवसभर बोटांना राहायचा. फुलं भरपूर यायची... आणि गळून जायची. शिंपिणीच्या आत्याला त्या जागी कपाट हवं होतं. कपाट येईपर्यंत एक तरी टोमॅटो धरला तर झाड राहील, नाहीतर कुंडी रस्त्यावर, असं तिने बजावलं होतं.

ओठांतल्या टाचण्या काढून शिंपिणीने हे सगळं सांगितल्यावर सलूनवाला गॅलरी न्याहाळत म्हणाला, "इथे वारा नाही, भुंगा नाही. फुलं हलल्याशिवाय फळ धरत नाही, त्यांना हलवणार कोण?"

"तुम्ही," ती म्हणाली. "भुणभुणतं यंत्र हातात घेऊन भांडायला आलात, त्याचा काही उपयोग तरी होऊ दे."

त्याने चालू ट्रिमरची पाठ देठाला टेकवली. फुलं थरथरली, पिवळी भुकटी उडाली आणि नेमकी त्याच्या नाकावर बसली. ती इतकी हसली, की शिवायला आलेलं पोलकं हातातून पडलं.

मग तो रोज सकाळी येऊ लागला. आत्या चहा ठेवायची आणि "झाडाचे सलूनवाले आले" म्हणून आत हाक मारायची. सगळं छान चाललं होतं — पण हात शेवटी सलूनवाल्याचा. एके सकाळी त्याला झाड डावीकडे जरा वाढलेलं वाटलं. तिच्याकडे बघता बघता त्याने सवयीने ट्रिमर उलटा धरला, सर्र... आणि फुलांचा डावा घोसच खाली आला.

"दोन्ही बाजू सारख्या केल्या," तो अभिमानाने म्हणाला, आणि मग आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं.

 शिंपिणीने त्याला जिन्यात काढलं आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी त्याने वाजवलं, तिसऱ्या दिवशीही वाजवलं. आतून मशीन मात्र जोरात चालू राहिलं. आत्याच एकदा फटीतून म्हणाली, की पोरगी शिवतेय कमी आणि उसवतेय जास्त.

आणि कपाट आलं. हमाल जिन्यात असताना शिंपिणीने स्वतःच कुंडी उचलली. दुसऱ्याने उचललेली तिला बघवली नसती. पानं गालाला लागली. पानांआड उजव्या घोसावर, सुकलेल्या फुलांच्या मागे, मोहरीएवढे हिरवे मणी धरले होते. एकेका देठावर दोन-दोन.

तिने कुंडी खाली ठेवली आणि कपाटाला वळसा घालून ती थेट सलूनमध्ये गेली. खुर्चीतलं गिऱ्हाईक घाबरून सरळ बसलं.

"धरलेत," ती म्हणाली. "आणि तुम्ही आला नाहीत, म्हणून बघायला कुणीच नव्हतं."

"दार..."

"अजून थोडं जोरात वाजवायचं होतं."

आत्याने मणी चष्मा लावून पाहिले, बोटाने चाचपले आणि कपाट मुकाट्याने आपल्या उशाशी लावून घेतलं.

पुढे ते झाड जे सुटलं! छताला टेकलं, वळलं, आत्याच्या खोलीत शिरलं. टोमॅटो असे लगडले, की वहिन्या, मावश्या, शेजारणी टोपल्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. पण पहिला घोस शिंपिणीने कुणाला तोडू दिला नाही. सलूनवाला आला तेव्हा तिने आपली मोठी कात्री त्याच्यापुढे धरली. ही कापडाची कात्री. शिंपीण तिला साधा कागदही लागू देत नसे.

"माझ्या हातात देताय?" तो म्हणाला. "माझ्या?"

"हो. फक्त कापायच्या आधी मला विचार."

त्या 'विचार'मधला अहो-जाहो कुठे गेला, हे त्याच्या कानांनी बरोबर टिपलं.

"आणि दुसरं काही विचारायचं असेल... तर?"

"तेही विचार."

त्याने विचारलं. प्रश्न अर्ध्यावर असतानाच तिने "हो" म्हटलं, आणि आतून आत्या म्हणाली, की पोराला वाक्य तरी पुरं करू द्यायचं.

खाली रस्त्यावर, काचेमागच्या टोमॅटोंचा लालभडक उजेड बघून दोन्ही बाजूंच्या गाड्या आपसूक थांबल्या. आणि वर ते दोघं मीठ लावून पहिला टोमॅटो अर्धा-अर्धा खाऊन संपवेपर्यंत त्यांतली एकही जागची हलली नाही.