अण्णासाहेबांची पेन्सिल

त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं, की दिल्लीत मुनिरकातल्या आमच्या गल्लीत समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकीही दिसत नव्हती. जानेवारी महिना. सकाळचे अकरा वाजले होते, तरी खोलीत दिवा लावावा लागला. रस्त्यावरचे आवाज कुणी घोंगडीखालून बोलावं तसे येत होते.

काम तसं साधंच होतं. टेलिफोनची वायर मोडेमला जोडायची. मोडेम म्हणजे फोनच्या तारेवरून कॉम्प्युटरला चिठ्ठ्या आणून देणारा डबा. माझ्या विलासने तो नेहरू प्लेसवरून जुना घेतला होता, त्याचं माहितीपुस्तक नव्हतंच. दिवाळीत रंगकाम निघालं तेव्हा मीच वायरी काढल्या, आणि कुठली कुठे होती ते विसरलो.

विलास मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन. एरवी कंपनीकडून खुशाली कळायची; आता नऊ दिवस त्याची खबर नव्हती. कंपनीत फोन केला तर म्हणाले, जहाज वादळात सापडलंय, कळलं की सांगू. जाताना तो म्हणाला होता, "बाबा, किनाऱ्याला लागलो की पहिली मेल तुम्हाला." तशी आली असेल, तर ती या डब्यापलीकडेच अडकली होती.

मी शिकलेला नाही. मराठी अक्षरं लावून वाचतो, इंग्रजी येत नाही. पण वायरींना भ्यायचो नाही. कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी गेस्ट हाउसात तीस वर्षं शिपाई होतो. तिथे टेलिफोन बोर्डावर अण्णासाहेब बसायचे. दुपारी मला बोर्डाच्या दोऱ्या लावून फोन जोडू द्यायचे. दोरी चुकीच्या भोकात गेली, की डोळे मिटूनच टेबलावर पेन्सिल दोनदा आपटायचे. बरोबर गेली, की एकदा. बिनसाखरेचा चहा आणि तपकीर, एवढीच त्यांची चैन. त्यांना जाऊन सात वर्षं झाली. खांदा द्यायला मी होतो.

मोडेमच्या पाठीला दोन भोकं, अगदी सारखी. एक भिंतीतल्या वायरीचं, एक फोनच्या. टेबलाखाली शिरलो, अंदाजाने वायरी लावल्या, वर आलो आणि विलासने दाखवलेलं कॉम्प्युटरवरचं चित्र दाबलं.

डब्यातून नुसता वारा वाहिल्यासारखा आवाज आला. कुणी तिकडून कान लावून बसावं तसा. मग...

टक. टक.

माझा हात तिथेच राहिला. खोलीत मी एकटा. दार नुसतं लोटलेलं. आणि तपकिरीचा वास... मागे वळायचा धीर होईना.

"अण्णासाहेब...?"

डब्यातला वारा तेवढा वाहत राहिला.

मी पुन्हा टेबलाखाली गेलो. दोन्ही वायरींची अदलाबदल केली.

टक.

वर येऊन चित्र दाबलं. डब्याने नंबर फिरवला, शिट्टी मारली, किंचाळला, खरखरला... आणि गप्प झाला. लाल दिवे लुकलुकू लागले.

तेवढ्यात शेजारच्या नीलाताई आल्या. मंत्रालयात नोकरीला असतात. धुक्यामुळे बस मिळाली नाही म्हणून घरीच होत्या. वायरीतलं कळत नाही, पण मेल वाचून देईन, असं त्यांनी कबूल केलं होतं.

"लागला? अरे वा, काका, तुम्ही तर इंजिनीअर निघालात यार!"

त्या खुर्चीत बसल्या, दोन-चार ठिकाणी दाबलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभा.

"आली आहे... विलासचीच. 'बाबा, मी बिल्कुल ठीक आहे. वादळात एरियल मोडलं. काल बंदराला लागलो. दूध पीत जा.'" मग त्या हसायला लागल्या. "आणि खाली काय लिहिलंय, 'मोडेमला हात लावू नका.'"

मी मटकन खाटेवर बसलो. हसू आणि रडू एकदम आलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

"चलो, आधी चहा," म्हणून त्या गेल्या. मी डब्यावरून हात फिरवला. गरम होता. म्हटलं, मनाचे खेळ असतील. म्हातारा माणूस, त्यात नऊ रात्री जागून काढलेल्या.

नीलाताई ट्रे घेऊन आल्या. ट्रेवर तीन कप होते.

"हा तुमचा, हा माझा, आणि हा बिनसाखरेचा त्यांचा. मघाशी मी डोकावले, तेव्हा तुम्ही टेबलाखाली होतात. तेच म्हणाले मला, 'ताई, माझ्यात साखर नको.' कुठे गेले ते, काका?"