रुमाल टाकून धरलेली जागा

सौंसरच्या बसमध्ये बसायला जागा हवी असेल तर पायांपेक्षा हात चपळ हवा. बस पांढुर्ण्याच्या स्टँडवर वळली रे वळली, की खिडकीतून आत रुमाल टाकायचा. तो ज्या सीटवर पडला ती सीट आपली. मग दाराशी कितीही रेटारेटी होवो, आपण आरामात मागून चढायचं. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

त्या संध्याकाळी पाऊस भुरभुरत होता. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात डबा, आणि तशातच मी घाईघाईने रुमाल भिरकावला. तो सीटवर पडलाच नाही. सीटवर झोपलेल्या एका माणसाच्या तोंडावर पडला.

"अवं बाई..." रुमालाखालून आवाज आला, "मी अजून उतरलो नाई ना!"

त्याने रुमाल बाजूला केला. सावळा चेहरा, झोपेने लाल झालेले डोळे, आणि त्या डोळ्यांत हसू—

"मले वाटलं, मी मेलो न् लोकाइनं तोंडावर कपडा टाकला."

"मेलेला माणूस इतका बोलते का?" मी म्हणाले. "उतरा लवकर. जागा माही हाय."

"हो, हो... जागा तुमचीच."

तो उतरला आणि गर्दीने त्याला पार चहाच्या टपरीपर्यंत ढकलत नेलं. बस सुटल्यावर माझ्या लक्षात आलं, की रुमाल त्याच्याच हातात राहिला. निळ्या काठाचा, कोपऱ्यात आईने फूल काढलेला. मी चडफडले. आणि का कोण जाणे, अर्ध्या वाटेत मला एकटीलाच हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बस आली तेव्हा तो खिडकीजवळच्या सीटला चिकटून बसला होता आणि एका जाड्या गृहस्थाशी भांडत होता. "सीट खाली नाई भाऊ. येऊन राहिल्या त्या!" मी चढले तसा तो उठला.

"माहा रुमाल?"

"घरी राहिला," तो म्हणाला. "पण जागा आणली."

त्याचं नाव गुणवंत. तो पांढुर्ण्याचा, आणि सौंसरच्या तहसील कचेरीत बाबू. मी जयश्री, सौंसरची, आणि पांढुर्ण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. म्हणजे दोघंही अपडाऊनवाले, फक्त उलट्या दिशेचे. सकाळी बसमधून मी उतरायची आणि तो चढायचा. संध्याकाळी तो उतरायचा आणि मी चढायची. मधे कंडक्टरचा चहा होईपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढाच आमचा. बरं, कंडक्टर चहा फुंकून फुंकून पिणारा होता. देव त्याचं भलं करो.

माझं मात्र तेव्हा काही भलं चाललं नव्हतं. दिवाळीनंतर संत्र्याचा सीझन सुरू झाला की दिल्ली-कलकत्त्याचे व्यापारी पांढुर्ण्यात उतरायचे आणि संध्याकाळभर ट्रंक कॉल चालायचे. आमच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "संध्याकाळच्या ड्यूटीला मुक्कामी राहणारी ऑपरेटर पाहिजे. दिवाळीपर्यंत इथे खोली बघा. नाहीतर तुमच्या जागी दुसरी मुलगी घ्यावी लागेल."

माझी नोकरी अजून कच्ची होती. ती गेली की घरी बसायचं, आणि घरी बसलेल्या मुलीसाठी आई-बाबा काय शोधतात ते सगळ्यांना माहीत आहे. शिवाय मला ते काम मनापासून आवडायचं. कानाला हेडफोन लावून "हॅलो, पांढुर्णा" म्हटलं, की सगळा देश माझ्याशी बोलायला थांबलाय असं वाटायचं.

पण खोली कुठून आणायची? पांढुर्णा म्हणायला लहान गाव, पण स्टेशनच्या बाजूचे किराये व्यापाऱ्यांनी पार नागपूरच्या वर नेऊन ठेवले होते. त्यातून मी एकटी मुलगी. स्टेशनरोडवरच्या एका घरमालकिणीने, केसरबाईंनी, मला चहा पाजला, खोली दाखवली, आणि मग विचारलं, "नवरा?"

"नाही."

"मंग भाऊ तं राहीन सोबत?"

"भाऊ लहान आहे, शाळेत जातो."

"मंग राहू दे व माय. आमाले फॅमिली पाह्यजे."

दुसऱ्या एका मालकाने तर खोलीच्या मधोमध बोट ओढून दाखवलं. "सीझनमध्ये अर्ध्यात संत्र्याच्या पेट्या राहतीन. तुम्ही अर्ध्यात राहा. किराया मात्र पुरा."

हे सांगताना मला रडू येत होतं आणि गुणवंतला हसू. मी डोळे वटारले तसा तो गंभीर झाला.

"माही बी सौंसरले तीच गत हाय," तो म्हणाला. "तहसीलदार साहेब म्हणतेत, इथंच राहा. न् सडा माणूस म्हटलं का लोक दार लावून घेतेत. एक काम करू... तुमच्या गावात माह्यासाठी तुम्ही पाहा. माह्या गावात तुमच्यासाठी मी पाहतो."

"न् नाई भेटली तं?"

"तं अपडाऊन हायच की..." असं म्हणून तो उगाच छत्रीकडे पाहू लागला. छत्री माझी होती.

मग रोज संध्याकाळी कंडक्टरचा चहा होईपर्यंत खोल्यांचे अहवाल चालायचे.

"एक खोली हाय. हवा एक नंबर."

"मंग?"

"छतच नाई."

किंवा मी सांगायची, "तुमच्यासाठी एक पाहिली. मालकीण इचारते, पोरगा सकाळी भजन म्हणते का?"

"म्हणीन ना. पण मंग तेच लोक घर सोडून जातीन."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते. जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, त्या दिवशी आमची बस बंद. मी सौंसरला घरी बसून दिवसभर आईवर चिडचिड करत होते. तो नदीवर गेला असेल का? गेला असेल तर... दुसऱ्या दिवशी सकाळी बसमधून उतरता उतरता मी आधी त्याचं कपाळ पाहिलं. धड होतं.

"गेलते का गोटमारीत?"

"नाई बाप्पा. ज्याले किरायाची खोली पाह्यजे त्यानं डोकं साबूत ठेवा लागते." मग त्याने हळूच विचारलं, "काहून? काळजी लागली होती?"

"मले कायले लागीन?" मी म्हणाले आणि तरातरा निघाले. एक्स्चेंजमध्ये पोचेपर्यंत मला पक्कं कळून चुकलं होतं, की मी आता नुसती खोली शोधत नाही.

दसरा झाला. साहेबांनी पुन्हा आठवण केली. त्या संध्याकाळी गुणवंत बसमधून उतरला तो घाईतच. "चला. एक खोली भेटली. वरच्या मजल्यावर, लिंबाची सावली, एक्स्चेंज पायी जाण्यासारखं. मालकीण एकटीच हाय. किराया तुम्हाले झेपन इतका."

"न् खोट काय?"

"तुम्हीच पाहा... न् सांगा."

दार एका ठेंगण्या, हसऱ्या बाईंनी उघडलं. वच्छलाबाई. "ये व पोरी," म्हणाल्या आणि मला थेट जिन्याकडे नेलं. खोली लहानशीच, पण खिडकी उघडली की कडुलिंबाची फांदी हाताला लागायची. मी मनातल्या मनात खाट कुठे ठेवायची ते ठरवलं. आणि मग खुंटीवरचा चौकड्यांचा शर्ट दिसला. तो शर्ट मी दर सोमवारी बसच्या खिडकीत पाहत होते.

"हे तुमचं घर हाय!"

"हो."

"न् ही तुमची खोली!"

"हो... मायले सोबत पाह्यजेच होती."

"न् तुम्ही कुठं राहान?"

"सौंसरले. तुम्ही पाहून ठेवली असन ना माह्यासाठी?"

पाहून ठेवली होती. आदल्या दिवशीच मी बाबांना आमच्या ओसरीशेजारची खोली द्यायला राजी केलं होतं. "माणूस कसा आहे?" बाबांनी विचारलं. "झोपाळू आहे," मी म्हणाले, "पण दुसऱ्याची जागा धरून ठेवतो." बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं होतं.

"घराचं साटंलोटं झालं म्हणा की!" वच्छलाबाई हसून म्हणाल्या. आम्ही दोघंही तेवढ्यात लिंबाकडे पाहू लागलो.

झालं. मला खोली मिळाली, माझी नोकरी वाचली आणि माझा जीव लागेनासा झाला. किती शहाणी मी! त्याला माझ्या गावी पाठवलं आणि स्वतः त्याच्या गावी येऊन बसले. आता बसही नाही, चहाही नाही. संध्याकाळी बोर्डवर बसलेली असताना सौंसरच्या बसचा भोंगा ऐकू आला, की कानातला व्यापारी काय ओरडतो तेच कळायचं नाही.

शनिवारी दुपारी ड्यूटी संपवून मी घरी जायची, तर तो संध्याकाळच्या बसने आपल्या घरी निघून यायचा. मी सौंसरला आई-बाबांकडे त्याची गोष्ट ऐकायची: "गुणवंताला भरलं वांगं आवडतं हो. बाबांच्या पायाला काल त्यानेच तेल लावलं." पांढुर्ण्याला परतले की वच्छलाबाई सांगायच्या, "काल गुणवंत इचारत होता, खिडकीतून थंडी तं नाई येऊन राहिली?" दोन्ही घरं त्याच्या नावाने भरलेली, आणि तो कुठेच नाही. एकदा आमची बस उशिरा सुटली तेव्हा वाटेत त्याची बस समोरून गेली. खिडकीत काहीतरी निळं हललं आणि धुळीत मिसळलं. माझा रुमाल मी त्या खोलीत सगळीकडे शोधला होता. तो तिथे नव्हता.

बोलून टाकावं असं हजारदा वाटलं. पण तो माझ्या बाबांच्या छपराखाली राहत होता. मी बोलले आणि त्याच्या मनात तसं काही नसलं, तर बिचारा कुठल्या तोंडाने आमच्या पानावर बसेल? मी गप्प राहिले.

संक्रांत आली. वच्छलाबाई आणि मी तिळाचे लाडू वळत होतो. चटके बसत होते. त्या सहज म्हणाल्या, "रविवारी मुलताईचे पाहुणे येऊन राहिले. गुणवंतासाठी पोरगी सांगून आली."

माझ्या हातातला लाडू फुटला.

"त्याइले... माहीत हाय?"

"हाय. पण हो म्हणत नाई न् नाई म्हणत नाई. नुसता घुम्यासारखा बसते." त्यांनी माझा फुटलेला लाडू उचलून पुन्हा वळला. "तू तं त्याले ओळखतं. तुले काय वाटते?"

डोळ्यांत पाणी आलं ते मी गुळाच्या वाफेवर ढकललं. वच्छलाबाईंनी लाडू डब्यात ठेवला आणि म्हणाल्या, "पाहुण्याइले निरोप शनिवारी संध्याकाळपर्यंत बी धाडता येते, पोरी."

शनिवारी मी दुपारची बस सोडली. तिन्हीसांजेला स्टँडवर उभी राहिले. बस वळली. खिडकीत तो होता. आज न झोपता, चक्क जागा. मी नवा कोरा रुमाल काढला आणि नेम धरून त्याच्या बाजूच्या रिकाम्या सीटवर टाकला.

त्याने रुमालाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"तुम्ही? दुपारच्या बसनं नाई गेल्या?"

"उतरू नका," मी खिडकीतून म्हणाले. "बाजूची जागा माही हाय."

मी मागून आरामात चढले नाही. कोपरं मारत, साडी सावरत घुसले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. एवढ्या महिन्यांत आम्ही एका सीटवर पहिल्यांदा बसत होतो. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता आणि दोघंही समोर पाहत होतो.

"उद्या पाहुणे येऊन राहिले म्हणे."

"हो."

"तुम्ही काही बोलले काहून नाई?"

"मायले?"

"मले!"

तो बोलला इतका हळू, की मला कान द्यावा लागला.

"मी इचारलं असतं न् तुम्ही नाई म्हटलं असतं... तं माह्या मायच्या घरात तुम्ही कशा राहिल्या असत्या? खोली सोडा लागली असती. खोली गेली का नोकरी गेली. त्या एका खोलीसाठी तुम्ही किती दारं पाहिले, ते मी पाहून राहिलो होतो ना. तुमची खोली पणाला लावून मले काही इचाराचं नव्हतं."

मला भरून आलं. साऱ्या पांढुर्ण्यात माझ्या डोक्यावरच्या छपराची एवढी काळजी कोणाला होती? आणि मला वाटत होतं, त्याच्या मनात काही नाही.

"न् मी हो म्हटलं असतं तं?"

"तं बी खोली गेलीच असती," तो म्हणाला आणि आता कुठे हसला. "लग्नाच्या आधीच सासरी... लोक काय म्हणतीन?"

मी खळखळून हसले, आणि हसता हसताच रडले. त्याने खिशातून रुमाल काढून पुढे केला. निळ्या काठाचा, कोपऱ्यात फूल.

"हा तं घरी राहिला होता ना?"

"खिशातच होता... रोजच."

चहा पिऊन आलेला कंडक्टर आमच्यापाशी थांबला. "काहो बाबू, उतरा ना! पांढुर्णा कवाचं आलं."

"मले सौंसरले जायचं हाय."

"आत्ताच तं तिकडून आले!"

"हो, पण एक गोष्ट इचाराची राहिली." गुणवंत माझ्याकडे पाहत म्हणाला, "याइच्या बाबाले. दोन तिकिटं द्या." मग एकदम दचकला. "अरे, पण माय वाट पाहीन! उद्या ते पाहुणे—"

"तुमच्या मायले सांगूनच आली मी," मी म्हणाले. "म्हटलं, आज गुणवंताचं जेवण ठेवू नका. त्याइनं तेव्हाच चप्पल पायात घातली न् मुलताईले फोन लावाले एक्स्चेंजकडं गेल्या."

बस हलली. स्टेशनरोडचे दिवे लागले होते, आणि माझ्यासाठी बंद झालेली ती सगळी दारं एकेक करून खिडकीतून मागे जात होती. केसरबाई आपल्या ओट्यावर बसल्या होत्या.

"आता दोघाइले खोली कोण देईन?" मी विचारलं.

"आता सारेच देतीन." त्याने माझ्या हातावर हात ठेवला. "आता आपण फॅमिली हाओत ना."

"पण कुठं पाहाची? पांढुर्ण्याले, का सौंसरले?"

त्याने खरंच थोडा वेळ विचार केला. मग खिडकीच्या काचेला डोकं टेकवून, तसंच लाल डोळ्यांनी झोपाळू हसत म्हणाला, "कुठंबी पाहू. एकानं अपडाऊन कराचं... न् दुसऱ्यानं जागा धरून ठेवाची."