डिंपलचे बाण

बस साकोली स्टँडमध्ये वळताना जोरात गचका बसला आणि पलीकडच्या सीटवर बसलेल्या मुलाच्या मांडीवरचा लांबट गठ्ठा थेट माझ्या पायांवर आला.

गुंडाळलेला टॉवेल सुटला. आत बाण होते. काळ्या कार्बनच्या दांड्या, पिवळी पिसं… मी उचलायला वाकले आणि थबकले. एकाही बाणाला नॉक नव्हता. नॉक म्हणजे बाणाच्या मागच्या टोकात बसवलेली प्लॅस्टिकची खाच. धनुष्याची दोरी तिच्यातच अडकते. इथं प्रत्येक नॉक दांडीच्या तोंडाशी साफ कातरलेला होता, आणि उरलेला तुकडा आत घट्ट रुतून बसला होता.

"हे कोणं तोडले?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

त्यानं बाण माझ्या हातून घेतले. मग खिडकीबाहेरच्या भुरभुर पावसाकडं पाहत म्हणाला, "मायनं."

त्यानंच पुढं सांगितलं. "नागपूरच्या दुकानात नेले होते. तो म्हणे, हे निघत नाही, नवीन घ्या."

"निघते ना! काहून नाही निघत?" मी म्हटलं. "मी इथंच मैदानावर धनुर्विद्या शिकते. शनिवारी घेऊन या. मी काढून देईन."

तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. डोळे असे, की किती दिवस झोपले नसावेत…

त्याचं नाव कैलाश. साकोलीजवळच्याच एका गावचा, घरी धानाची शेती. मी रंजू, करडीची. बाप मासे मारतो, मी आत्याकडं राहून कॉलेज करते. एवढी ओळख बसमधून उतरेपर्यंत झाली.

शनिवारी तो आला. मैदानाच्या कडेला टिनाचं शेड आहे, तिथं मी माझा पसारा मांडला. मोडक्या कवाडाचा एक स्क्रू, आत्याची पक्कड, थर्मासमध्ये गरम पाणी आणि जुन्या छत्रीची काडी.

"एवढ्यानं?" तो हसू दाबत म्हणाला.

"हसता काहून? आधी पाहा तर."

बाणाचं मागचं टोक मी गरम पाण्यात जरा वेळ धरलं, म्हणजे आतलं प्लॅस्टिक नरम पडतं. मग स्क्रू बोटांनीच फिरवत त्या तुकड्यात शिरवला. फार खोल नाही. "आता दांडी घट्ट धरा," मी म्हटलं. पक्कडीनं स्क्रूचं डोकं पकडलं आणि पीळ देत ओढलं.

टक्!

तुकडा स्क्रूसकट बाहेर आला. दांडीच्या आत चिकटलेला गोंद मी छत्रीच्या काडीनं खरवडून काढला. कैलाशनं तो तुकडा तळहातावर घेतला. त्याचं हसू मावळलं होतं.

"डिंपल माझी लहान बहीण," तो म्हणाला. "इथंच यायची. मागच्या साली प्रॅक्टिसवरून घरी येतानी, हायवेवर ट्रकनं—"

डिंपलचं नाव मी मैदानावर ऐकलं होतं. मी येण्याआधीची ती.

"तेरवी झाली अन् माय अडकित्ता घेऊन बसली. सुपारी कातरावी तसा एकेक नॉक कातरला. आता तेच बाण उशाशी घेऊन झोपते. म्हणते, पोरगी तर गेली, तिच्या जिनसाबी मीच मोडल्या." त्यानं मूठ मिटली. "मले वाटलं, हे तरी नीट करून द्यावं."

शेडवर पाऊस वाजत होता. मी दुसरा बाण उचलला नाही. त्या दिवशी तेवढंच पुरे होतं.

मग तो दर शनिवारी येऊ लागला. आणि माझे हात… हळू होऊ लागले.

"पहिला तर झटकन निघाला होता," एकदा तो म्हणाला. "आता येवढा वेळ काहून लागून राहिला?"

"घाई केली का दांडी तडकते. अन् तडकलेली दांडी बाण सोडतानी हातातच फुटते."

"अन् नाही तडकली तर?"

"तर काय… लवकर संपेल काम. तुम्ही जाल घरी."

तो खाली पाहत राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मंग हळूच करा," तो म्हणाला.

तुम्हीचं तू कधी झालं ते आठवत नाही. एक मात्र आठवतं. माझी प्रॅक्टिस सुरू झाली, मी धनुष्य उचललं, की तो उठायचा. "चहा पिऊन येतो." दर वेळी. मला जरा रागच यायचा. सारं मैदान पाहतं, आणि यानंच पाहू नये?

शेवटचा बाण मात्र खरोखर अडला. तुकडा कशानं तरी पक्का चिकटवलेला होता. स्क्रू निसटला आणि माझ्या अंगठ्यात घुसला. रक्त पाहून कैलाशचा चेहरा असा पांढरा पडला, की माझं दुखणंच मी विसरले. त्यानं रुमाल बांधला. बांधून झाला तरी हात सोडला नाही.

"येवढंसं तर लागलं," मी म्हटलं.

"येवढंसं म्हणू नको," तो म्हणाला.

सगळ्या बाणांना मी नवे लाल नॉक बसवले. "आता घरी चाल," तो म्हणाला. "मायले तूच दे."

कैलाशची माय, मंदाबाई, ओसरीत बसल्या होत्या. अंगणापलीकडं लोंब्या आलेला धान पावसानं आडवा पडला होता, त्याकडं त्यांचं लक्षही नव्हतं. मी बाण पुढं केले. एकेका नॉकवरून त्यांनी बोट फिरवलं. रडल्या नाहीत. मग माझा हात धरला, उलटा केला, दोरीनं बोटांवर पडलेले घट्टे चाचपले.

"डिंपलचेबी असेच होते," त्या म्हणाल्या. आणि मग, कैलाशकडं न पाहता, "मले दिसते रे पोरा. मासे मारणाऱ्याची पोरगी आहे, ते मी पोटात घालीन. पण बाई, या घरात येशील तर धनुष्य सोडून ये. दुसरी पोरगी मी त्या रस्त्याले देत नाही."

मी कैलाशकडं पाहिलं. तो जमिनीकडं पाहत होता.

गावच्या फाट्यापर्यंत आम्ही चिखल तुडवत आलो.

"बोलला काहून नाही?" शेवटी मीच विचारलं.

"काय बोलू? मायनं माझ्याच मनातलं सांगितलं." तो थांबला. "मी चहा पीतच नाही, रंजू. तू धनुष्य उचललं का मी रोडवर जाऊन उभा राहतो. येणारेजाणारे ट्रक पाहतो. डिंपल मैदानावरून निघालीच नसती तर… असं वाटत राहते."

खोटं बोलणं मला जमलं नाही.

"माझा बाप पुराच्या दिवसातबी नदीत डोंगा घालते," मी म्हटलं. "माझ्या मायले भेव वाटत नाही का? वाटते. ती काठावर येऊन उभी राहते. त्याले घरात कोंडत नाही. मी खेळ सोडणार नाही, कैलाश. तुले भेव वाटते तर वाटू दे. भेवतच ये."

बस आली, मी चढले.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोनही नाही. धान कापून झाला, सकाळी धुकं पडू लागलं आणि मला निशाणा दिसेनासा झाला. दोरी सोडली की बाण भलतीकडंच जायचा. मास्तर ओरडायचे. मी शेडकडं पाहायचं टाळायचे, आणि तरी पाहायचे…

जिल्ह्याच्या संघनिवडीचा दिवस ढगाळ उजाडला. शेवटचा बाण सोडून, निवडलेल्यांची नावं ऐकून मी वळले, तर शेडच्या खांबाला टेकून, मैदानाकडं पाठ करून कोणी उभं होतं.

"कैलाश?"

तो वळला. गालफडं बसली होती. हातात पिशवी. "कसे लागले बाण?"

"तू पाहिले नाही?"

"नाही. पण रोडवरबी गेलो नाही. इथंच होतो."

मी खाली बसले. इतका वेळ आवरलेलं रडू आता आवरेना. "नंबर नाही लागला माझा."

तो शेजारी टेकला. मला वाटलं, सुटल्यासारखं वाटत असेल याला. वाटलंही असेल.

"मायले सांगून आलो, कुठं चाललो ते," तो म्हणाला.

"काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. चुलीपाशी बसून राहिली. मंग डबा भरून दिला."

त्यानं पिशवीतून डबा काढला. झाकण निघता निघेना, इतका भात दाबून भरलेला. वर लाखोरीच्या डाळीचं वरण.

"येवढा खातो तू?"

"याच्या अर्धाबी नाही."

आम्ही दोघंही त्या भाताकडं पाहत राहिलो. शेडवर थेंब पडू लागले, अवकाळी.

"पुढच्या साली लागन नंबर," तो म्हणाला.

मी झटकन मान वर केली. "म्हणजे… खेळू मी?"

"मले भेव वाटतच राहीन. ते जाणार नाही, कदाचित कधीच." तो भात कालवत होता, नजर डब्यातच. "पण तू दिसत नव्हती ते दिवस… त्याच्यापेक्षा हे भेव बरं. मले तू पाहिजे, रंजू. जशी आहे तशी."

मी त्याच्या हाताला लागून माझा हात डब्यात घातला, आणि पहिला घास रडत रडतच खाल्ला.