डुप्लिकेटचं हसू

चेळियन मला पहिल्यांदा भेटला तेव्हा तो मरून पडला होता. मरक्काणमच्या मिठागरात, बांधावर आडवा, शर्टभर लाल रंग. मी त्या सिनेमाची तिसरी सहायक दिग्दर्शक. रक्ताचा डाग सकाळी होता तिथेच आहे ना, एवढं बघायला मी वाकले होते.

"मॅडम," ओठ न हलवता मुडदा म्हणाला, "नाकावर माशी बसलीय. मला हलता येत नाही... उडवता का?"

मी उडवली.

"आता कानावर बसली."

"कानावर काही नाही."

"नाही? मग भास झाला असेल. उन्हाने होतो कधी कधी."

आमच्या तमिळ सिनेमात एक रीत आहे. पडद्यावर कुणी मेलं, की कॅमेरा बंद करण्याआधी त्या नटाने एकदा हसायचं. मरण खोटं होतं हे वरच्यालाही कळावं म्हणून. तो तुकडा नंतर कापून टाकतात. "हस" असं ओरडायचं काम माझ्याकडे होतं. सिनेमा मारामारीचा, त्यात फायटरांना मरणाचा तोटा नव्हता. चेळियन कधी दाढी लावून, कधी लुंगी बदलून सारखा मरत होता. आणि हसायचा तो भिंगाकडे बघून नाही, जरा डावीकडे बघून. डावीकडे क्लॅपची पाटी घेऊन मी उभी असायचे.

"कॅमेऱ्यात बघून हसायचं असतं," एकदा ताक पिताना मी त्याला सुनावलं.

"कॅमेऱ्याला बघून हसू येत नाही हो."

"आणि मला बघून येतं? विदूषक आहे का मी?"

"तसं नाही... पण तुम्ही 'हस' इतक्या रागाने म्हणता, की नाही हसलो तर खरंच माराल असं वाटतं."

मी ताकाचा पेला तोंडाला लावून हसू लपवलं. त्याने ते पाहिलं, आणि त्याने पाहिलेलं मला आवडलं. म्हणूनच पेला अर्धा ठेवून मी उठले.

कारण माझे अप्पाही फायटर. लहानपणी संध्याकाळी जिन्यावर पाय वाजले, की अम्मा हातातलं काम थांबवून, पदर तोंडाला लावून ऐकायची. नुसत्या पावलांवरून तिला कळायचं, आज कुठे लागलंय. एका संध्याकाळी अप्पांना चौघांनी उचलून वर आणलं. अप्पा वाचले, पण कंबर कायमची गेली. तेव्हापासून अम्माचं एकच पालुपद... कुणाशीही लग्न कर, फायटरशी नको. मला तिचं पटायचं. असे कान लावून जन्म काढायचं बळ माझ्यात नव्हतं.

शूटिंग संपत आलं तेव्हा त्याच्या तोंडी 'मॅडम' जाऊन माझं नाव, तेन्मोळी, आलं होतं आणि 'तुम्ही'चं तू झालं होतं. मिठाच्या ढिगाच्या सावलीत आम्ही दोघं लिंबूभात खात बसलो होतो.

"परवा कोहळा फुटेल," तो म्हणाला. शेवटच्या दिवशी कोहळा फोडला, की युनिट पांगतं. "मग मी हैदराबादला जाणार, दुसऱ्या सिनेमावर. त्याआधी एक सांगशील?"

"काय?"

"काय ते तुला माहितेय."

"माझ्या घरचंही तुला माहितेय, चेळियन."

"माहितेय. म्हणून तर घाई करत नाही."

"परवा जाणार, आणि म्हणे घाई करत नाही."

"फायटरच्या मानाने म्हणतोय गं."

मी केळीच्या पानाची घडी घातली आणि उठले. मागे वळून बघायची फार इच्छा होती. बघितलं नाही.

शेवटच्या दिवशी खलनायक मिठाच्या गोदामाच्या छपरावरून पडून मरणार होता. खलनायक म्हणजे बडं नाव, त्यामुळे पडायचं होतं ते चेळियनला, त्याचा विग आणि त्याचा कोट घालून. खाली पुठ्ठ्याची खोकी रचून वर गाद्या टाकल्या होत्या. फाइट मास्टरांनी कापूर ओवाळला. मी पाटी वाजवून बाजूला झाले.

तो पडताना मी बघितलं नाही. डोळे घट्ट मिटले आणि ऐकत राहिले. खोकी चेपल्याचा आवाज आला... आणि मग काहीच नाही. त्या शांततेत मला जाणवलं, की मी अगदी अम्मासारखी उभी आहे. पदर तेवढा तोंडाला नव्हता. मी नाही म्हटल्याने हे ऐकणं सुटणार नव्हतं. तो हैदराबादला पडला असता आणि मी इथे ऐकत बसले असते.

खोक्यांमधून हात वर आला. मास्टरांनी टाळी वाजवली. मग खलनायकाचं काम करणारे बडे कलाकार जमिनीवर आडवे झाले, त्यांच्या मेलेल्या चेहऱ्याचा शॉट झाला, ते छान हसले आणि गाडीकडे निघाले.

"झालं," दिग्दर्शक म्हणाले. "कोहळा आणा."

"सर... चेळियनचं हसू राहिलंय."

"डुप्लिकेटचं हसू कशाला? त्याचा चेहरा तरी दिसतोय का?"

"दिसत नाही, सर. पण पडला तोच."

अशा बाबतीत जोखीम घ्यायला आमच्याकडे कुणी धजत नाही. कॅमेरामननी कुणी न सांगताच कॅमेरा परत सुरू केला. दिग्दर्शकांनी मावळत्या सूर्याकडे बघून कपाळाला हात लावला. "आटपा लवकर."

चेळियन खोक्यांवर आडवा झाला. विग कानावर आला होता.

"हस," मी म्हटलं.

तो हसला नाही.

"हस ना रे."

"आधी उत्तर."

"उजेड चाललाय, चेळियन."

"मग लवकर सांग."

"सगळ्यांसमोर?"

"मी नाही का सगळ्यांसमोर पडलो?"

मास्टर उगाचच खोकले. माझे कान तापले होते.

"मला भीती वाटते," मी म्हटलं. "आत्ताही वाटली. रोज वाटेल."

"मलाही वाटते," तो म्हणाला. या वेळी आवाजात चेष्टा नव्हती. "वर उभा राहिलो की दर वेळी... आजवर कुणाला बोललो नाही."

एवढं ऐकल्यावर माझ्याकडे अडवून धरण्यासारखं काही उरलं नाही.

"मग दोघं मिळून घाबरू," मी म्हटलं. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. आता हस."

आणि त्या शहाण्याच्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं.

"अरे, रडतोस काय गाढवा," दिग्दर्शक ओरडले. "हस, नाहीतर सगळंच उलटं होईल." तेव्हा कुठे तो हसला, नाक पुसत, विग सावरत.

कोहळा फुटला. मी जीपच्या आडोशाला जाऊन अम्माला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. कोण, काय करतो, आज कुठून पडला. पलीकडे अम्माने अप्पांच्या टीव्हीचा आवाज कमी केला.

"लागलं का कुठे त्याला?" तिने विचारलं.

"नाही गं."

"नीट विचार. ही माणसं नाहीच म्हणतात."

शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या चेळियनला मी विचारलं. "डावा खांदा," तो हळूच म्हणाला, "पण त्यांना सांगू नको."

"डावा खांदा, अम्मा."

"उद्या घेऊन ये त्याला," अम्मा म्हणाली. "तेल कोमट करून ठेवते."