विनीची बादली

आधी मला एक सांगा. एक पबवाला छातीवर हात ठेवून म्हणतो, माझ्याकडे बिअरचा थेंब वाया जात नाही. दुसरा रोज रात्री गिऱ्हाइकांच्या देखत बादलीभर बिअर मोरीत ओततो. विश्वास कोणावर ठेवाल?

हा प्रश्न मी नेलला आणि तिच्या नवऱ्याला विचारला, तेव्हा लीड्सची शेवटची गाडी निघून गेली होती आणि हार्थवेट जंक्शनवर धुकं उतरलं होतं. नेल माझ्या बहिणीची मुलगी. एलिस तिचा नवरा. स्टेशनला लागून असलेल्या या 'लॅम्पमन' पबच्या किल्ल्या सोमवारी त्यांच्या हातात पडणार. त्यासाठी दोघांनी राहतं घर विकलेलं. आम्ही तिघं बारपाशी बसलो होतो आणि चुलीतला कोळसा विझत आला होता.

"मामा, पहिल्याला मी नोकरीला ठेवीन," एलिस म्हणाला, "आणि प्यायला दुसऱ्याकडे जाईन."

पोरगा हुशार आहे. म्हणून तर त्याला हे सांगणं भाग होतं.

या लाइनवरच्या पबांना मी उभा जन्म माल पुरवला. ग्लास, बिअर ओढायचे हातपंप, नळ्या, नळ्या धुवायचा सोडा. शाळेत मी फारसा गेलो नाही. जे शिकलो ते लोकांच्या तळघरांत. नव्या पबात शिरलो की मी बिअर मागत नाही, आधी बारवरचं फडकं हुंगतो. फडकं खोटं बोलत नाही. पुढच्या स्टेशनवर एकजण ग्लास वासाच्या साबणानं धुवायचा, वर बिअर फेस का धरत नाही म्हणून माझ्याच पंपांना नावं ठेवायचा. त्याच्या फडक्याला गुलाबाचा वास होता. मी त्याला म्हटलं, तुझ्या पबात लग्न लावावं, पिऊ नये. असो.

आपली बिअर पिंपात अजून जिवंत असते, हे तुम्हाला माहीत आहे. तिला तळघरात निवळू द्यावं लागतं. रात्रभर नळीत राहिलेली सकाळी फेकावी लागते. ग्लास भरताना ओघळलेला फेस नळाखालच्या तबकात साचतो. सगळं मिळून दिवसाला बादली भरतेच. बिअर बनवणाऱ्यांनाही ते माहीत असतं. वहीत 'ओतली' असं लिहिलं, तर ते तेवढी सूट देतात.

पूर्वी हा पब विनी ॲस्पिनॉल चालवायची. तिचा एक पाय आखूड होता. मोरीकडे जायला मागचं दार जवळचं, पण विनी बादली मागून कधी नेत नसे. पांढरी एनॅमलची बादली, रोज कार्बोलिक साबणानं घासलेली, काठोकाठ भरलेली, ती पुढून न्यायची, सगळ्यांच्या मधून. "बाजूला व्हा, बादली येतेय," एवढंच म्हणायची. लोक टोप्या काढून भिंतीला लागायचे. एकदा कुणीतरी म्हणालं, "विनी, नवऱ्याला पुरायला नेलंस तेव्हासुद्धा एवढा थाट नव्हता."

"तो कुणाच्या पोटात जायची भीती नव्हती," विनी म्हणाली आणि चालत राहिली.

या एका बादलीपायी लोक गाडी चुकवून इथे बसायचे. मांस भरलेली पेस्ट्री, भिजवून शिजवलेले वाटाणे, वर व्हिनेगर, आणि सोबत माइल्ड, म्हणजे आपली काळी, सौम्य बिअर. डोळे मिटून प्यावी अशी.

विनी वारली आणि पब फ्रँक बिकर्डाइकनं घेतला. आधी तो फरशा विकायचा. माणूस गोड, बोलका, घर विकून आलेला. तुमच्यासारखाच. त्यानं पहिलं काय केलं, तर विनीच्या बादलीच्या बुडाला भोकं पाडली, माती भरली आणि जिरेनियम लावून दारात ठेवली. दिसायला छान दिसे. लोक फोटो काढायचे.

नेलनं विचारलं, "मग रोजची बिअर कशातून ओतायचा?"

हाच प्रश्न मी त्याला विचारला होता. तो हसला. म्हणाला, "सिरिल, माझ्याकडे वाया जातच नाही." वहीत रोज शून्य. बिअर बनवणारे त्याचं कौतुक करायचे.

एके दुपारी मी माइल्डचा ग्लास नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. बिअरला व्हिनेगरचा वास होता. त्याच्याखाली दुसरा एक वास... सकाळी दात न घासलेल्या माणसाचा. मी बारवरचं फडकं उचलून हुंगलं. तोच वास. मी त्याला तोंडावर म्हटलं, "फ्रँक, तू तबकातली परत पिंपात घालतोस." तो रागावला नाही. म्हणाला, काळ्या बिअरमध्ये कुणाला काय दिसतंय.

तुम्ही चेहरे वाकडे करताय, पण नीट ऐका. नुसतं तबकातलं नव्हे. टेबलावर उरलेले ग्लाससुद्धा. कुणाच्या मिशीतून गाळलेलं, कुणी खोकलेलं, कुणाच्या ओठांची लाली काठाला लागलेली. त्यात बुडालेला पेस्ट्रीचा तुकडा. माशी. हे सगळं एका गाळणीतून, नरसाळ्यातून, पिंपात. आणि दुसऱ्या दिवशी पैसे देऊन लोक तेच प्यायचे, वर मान हलवून म्हणायचे, यंदाची माइल्ड चांगली दाट आहे.

नेलनं तिचा ग्लास हळूच बाजूला सारला. मी म्हटलं, तो स्वच्छ आहे, पी. पण ती प्यायली नाही.

आता त्या रात्रीचं. नोव्हेंबरचा दुसरा शुक्रवार, अकरा वर्षांपूर्वीचा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पुस्तकवाले येणार होते. पाठीवर पिशव्या अडकवून स्टेशनाजवळचे पब धुंडाळत फिरणारी ती मंडळी. दरवर्षी चांगल्या पबांचं पुस्तक काढतात. त्या पुस्तकात नाव आलं की गाड्या भरभरून माणसं येतात. फ्रँकचे बँकेचे हप्ते थकले होते. नाव आलं तर पब राहणार, नाही आलं तर नाताळच्या आत जाणार.

जे झालं ते फ्रँकनंच मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. मी ग्लासांची खोकी घेऊन आलो होतो. तो पायरीवर बसून मिठाच्या पाण्यानं चुळा भरत होता.

रात्री पब बंद करून त्यानं दोन्ही दारांना आतून कड्या घातल्या आणि तळघरात उतरला. काम साधंच. उद्याच्या पाहुण्यांसाठी माइल्डचं पिंप भरलेलं दिसावं. हातात दिवसभरातलं उरलंसुरलं प्लास्टिकच्या बादलीत. त्यानं पिंपावर नरसाळं बसवलं. गाळणी ठेवली. बादली उचलली.

वर कुणीतरी चाललं.

त्याला वाटलं, एखादं गिऱ्हाईक संडासात राहिलं असेल. त्यानं हाक मारली. पावलं बारच्या मागून निघाली. सावकाश. एक हलकं, एक जड. एक हलकं... एक जड. एका बाजूला ओझं धरलेल्या माणसासारखी. पुढच्या खोलीतून, टेबलांच्या मधून, मोरीकडे.

मग ओतल्याचा आवाज आला.

फ्रँक थांबून राहिला. आवाज संपेना. बादलीत मावतं ते केव्हाच ओतून झालं असतं. तरी ओतणं चालूच. एका आठवड्याचं. एका महिन्याचं. मोरी घटाघट गिळत होती, आणि तो वास जिन्यावरून खाली यायला लागला. आंबट. गोडसर. ओल्या फडक्याचा.

आणि थांबलं.

पावलं परत निघाली. बारमागे आली. तळघराच्या जिन्यापाशी आली.

फ्रँक म्हणाला, "मला कुणी काही बोललं नाही, सिरिल. पण मी बाजूला झालो." पाठ भिंतीला लावून, पोट आत ओढून, वाट देऊन उभा राहिला. त्याच्या अंगावरून काहीतरी थंड गेलं. बाही ओली झाली. कार्बोलिक साबणाचा वास आला.

दिवा होता. कुणी नव्हतं.

पिंपाचा नळ उघडला. आपोआप नव्हे म्हणाला, कुणीतरी उघडावा तसा, अर्धा वळसा, मग थोडा मागे. पिंपावर ग्लास होता. तो भरला. काळी, वर दाट फेस. पाहुण्यांसमोर ठेवावा असा सुंदर ग्लास.

आपल्याकडे रीत आहे. पिंपातला पहिला ग्लास पबवाल्यानं स्वतः प्यायचा. फ्रँकनं दीड वर्षात एकदाही माइल्ड चाखली नव्हती.

"मग?" एलिसनं विचारलं.

मग तो प्यायला. का, ते त्याला सांगता आलं नाही. हात वर गेला म्हणाला.

पहिल्या घोटाला तंबाखू. दुसऱ्याला किडलेली दाढ. मग लसूण. मग खोकल्याचं औषध. मग कुणाची तरी लाली, मेणासारखी, जिभेला चिकटणारी. प्रत्येक घोटाला एक तोंड. आणि फ्रँकला ती तोंडं ओळखू येत होती. हा सिग्नलवाला. ही पोस्टातली बाई. हा व्हिनेगरात मुरवलेलं अंडं खाऊन ढेकर देणारा ओल्डरॉइड. आणि हा... हा कोण... पेपरमिंट, आणि त्याच्याखाली औषधाची कडू चव...

तो आर्थर क्लेग होता. आर्थरला मार्चमध्ये पुरलं होतं. आमच्याबरोबर फ्रँकनंही खांदा दिला होता.

ग्लास खाली ठेवता येईना. फेस नाकापर्यंत आलेला. केस एक जिभेखाली. तो गिळत होता. डोळ्यांतून पाणी... गिळत होता...

तळाशी गाळ होता. तोही.

एवढं सांगून फ्रँकनं परत एक चूळ भरली आणि रस्त्यावर थुंकला. मग म्हणाला, "आत जाऊन बघ. मला उचलवत नाही."

मी आत गेलो. बारवर वर्तमानपत्र अंथरलं होतं. त्यावर जिरेनियमचं रोप, मुळांसकट, माती नीट एका बाजूला केलेली. आणि शेजारी विनीची पांढरी बादली. घासलेली, लख्ख. काठोकाठ काळ्या बिअरनं भरलेली.

बारचं लाकूड खाली कोरडं होतं. मी हात फिरवून बघितला. बादलीच्या बुडालाही बोट लावलं. भोकं बोटाला लागली. कोरडी.

मी धंदेवाला माणूस आहे. भोकाच्या बादलीत पाणी राहत नाही, एवढं मला कळतं. पण ती उचलावी तर लागणार होती. उचलली, आणि वजनानं एका बाजूला कललो. पुढून नेली, टेबलांच्या मधून. एक हलकं, एक जड. दारात तेवढ्यात पुस्तकवाले उभे, पिशव्या पाठीला. त्यांनी मला बघितलं आणि कुणी न सांगता बाजूला झाले. मोरीपर्यंत एक थेंब सांडला नाही. ओतली. मग बादली उजेडात धरली, आणि बुडातून पलीकडची विटांची भिंत दिसली.

फ्रँकनं त्या दिवशी सगळी पिंपं त्यांच्यासमोर मोरीत सोडली. त्यांना ब्रेड, चीज आणि लेमनेड दिलं, पैसे घेतले नाहीत. पुस्तकात नाव आलं नाही. नाताळच्या आत पब गेला. तो पुन्हा फरशा विकतो. कुणाच्या घरी गेला तर खिशातून स्वतःचा ग्लास काढतो, आणि पिऊन झाल्यावर त्यावर तळहात ठेवून बसतो. आर्थरच्या बायकोच्या घरी मात्र तो पाणीही घेत नाही.

नेल बारच्या वर बघत होती. तिथे खिळ्याला ती बादली अजून टांगलेली आहे. मधल्या पबवाल्यांपैकी कुणी काढली नाही. एलिस उठला, दिवा बादलीखाली नेला आणि वर बघितलं. भोकांतून छत दिसलं.

"कोरडी आहे," तो म्हणाला. मग त्यानं बोट आतल्या काठावरून फिरवलं, नाकाशी नेलं, आणि परत येऊन बसला. हात मात्र विजारीला पुसत राहिला.

मी त्याला काय वास आला ते विचारलं नाही. एवढंच म्हटलं, पोरांनो, सोमवारपासून वही तुमच्या हातात आहे. जेवढी ओताल, तेवढी 'ओतली' म्हणून लिहा. शून्य कधी लिहू नका. आणि बादली पुढून न्या.